राफागाला हरवलं कुणी?

क्षणभर डोळे मिट आणि माझ्याबरोबर चल. समज, तू दहा वर्षांची मुलगी आहेस. (मुलगा असलास तरी गोष्ट संपेपर्यंत मुलगी हो, काही बिघडत नाही.) तुझं घर पाचुका नावाच्या खाणीच्या गावात, टेकडीवर आहे. तिथला वारा दोरीवरचे कपडे वरच्या गल्लीत नेऊन टाकतो आणि वरच्या गल्लीतल्या बायका ते घड्या घालून परत आणून देतात. तुझी आई सकाळी बाजाराच्या पायऱ्यांवर टोपली घेऊन बसते आणि पास्ते विकते, म्हणजे बटाटा, खिमा आणि मिरची भरलेल्या, कडेला मुरड घातलेल्या जाडजूड भाजक्या करंज्या. रविवारी दुपारी तीच आई निळा मुखवटा बांधून आखाड्यात उतरते आणि आपल्या दीडपट बाईला उचलून आपटते. आता सगळ्यात अवघड भाग. हे तू कुणालाही, अगदी कुणालाही सांगायचं नाहीस.

जमलं? मग तुला युनुएन कळली. डोळे उघडलेस तरी चालेल.

युनुएनच्या आईचं नाव दोमितिला. आखाड्यात तिला राफागा म्हणत, राफागा म्हणजे वाऱ्याचा झोत. अकरा वर्षं झाली होती मुखवट्याला. राफागा कोण, हे वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान सगळे तसं दाखवत तरी होते. सोमवारी सकाळी दोमितिला लंगडत बाजारात आली, की फळवाली म्हणे, "पायरीवरून घसरलीस वाटतं, बाई." दोमितिला म्हणे, "घसरले." मग फळवाली स्वतःच्या हाताने तिची टोपली खाली उतरवून घेई आणि वर सांगे, की काल त्या राफागाचाही पाय मुरगळला म्हणतात, काय योगायोग बघ. मुखवट्यामागचा चेहरा माहीत असला तरी माहीत नसतो, ही त्या गावची रीत होती आणि ती मोडणाऱ्याशी कुणी धड बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या बाल्तासारने एक सिनेमा काढला होता. बाल्तासार लग्नांचे फोटो काढी. राजधानीत जाऊन तो सहा महिने सिनेमा शिकून आला होता आणि तेव्हापासून गळ्यात लांबलचक मफलर घालून हिंडे. सिनेमाचं नाव 'बार्रेनो आणि राफागा'. बार्रेनो म्हणजे खाणीत खडक फोडायचा गिरमिट. ही भूमिका पोन्सियानोकाकांची. ते आठवडाभर नळ दुरुस्त करत आणि रविवारी चंदेरी मुखवटा घालून कुस्ती खेळत. हेही कुणाला माहीत नव्हतं, जरी पोन्सियानोकाकांचं पोट अख्ख्या पाचुकात दुसरं नव्हतं.

पहिल्या भागात दुष्ट खाणमालक बार्रेनोला विहिरीएवढ्या खड्ड्यात टाकतो आणि राफागा दोरीवरून उतरून त्याला वर काढते. बाजाराच्या चौकात चार चादरी शिवून पडदा केला होता. राफागा दोरी धरून खाली आली तेव्हा वाऱ्याने पडदा फुगला आणि ती खरोखरच अंगावर उडी मारते आहे असं वाटून पुढच्या रांगेतली पोरं मागे पळाली. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानात मुलींना भांडायला नवं कारण मिळालं. आज राफागा कोण होणार? युनुएन कधीच भांडत नसे. ती नेहमी खाणमालक व्हायची आणि गालातल्या गालात हसत मार खायची.

आता दुसरा भाग येणार होता.

त्या सोमवारी बाल्तासार पास्ते घ्यायला आला. रोज घेई तसे तीन घेतले आणि मफलर सावरत त्याने एक जाड लिफाफा पुढे केला. आत दुसऱ्या भागाच्या गोष्टीची एक प्रत होती, बेचाळीस पानं. वर लिहिलं होतं, 'राफागासाठी'.

"मावशी, ती कुठे दिसली तर एवढं द्याल का?" तो आकाशाकडे बघत म्हणाला. "एकतिसाव्या पानावर तिची परवानगी लागेल. गुरुवारच्या वाचनापर्यंत उत्तर मिळालं तर बरं."

"दिसली तर देईन," दोमितिलाही आकाशाकडेच बघत म्हणाली.

युनुएन बाजूला बसून कागदी पिशव्या उघडून देत होती. तिला हसू आवरेना, म्हणून तिने एका पिशवीत तोंड घातलं.

संध्याकाळी आई बटाटे सोलत होती आणि युनुएन जमिनीवर पालथी पडून बेचाळीस पानं वाचत होती. आधी ती वाचताना पाय हलवत होती. दहाव्या पानाला पाय थांबले.

मी तिचा कुणी नाही, पण ती पानं मी नंतर पाहिली आहेत, म्हणून सांगतो. नावात दोघं होती, तसंच, 'बार्रेनो आणि राफागा, भाग दुसरा'. आत मात्र पहिल्या दोन पानांत बार्रेनो एकटाच तीन चोर, एक अस्वल आणि एक पूर आटोपतो. तिसऱ्या पानावर राफागा येते आणि त्याला सूप वाढते. मग ती त्याचा मुखवटा शिवते. मग तिला खाणमालकाचा भाऊ पळवतो. अकराव्या पानापासून ती खुर्चीला बांधलेली आहे. तिसाव्या पानावरही बांधलेलीच आहे, फक्त खुर्ची बदललेली आहे. या सगळ्यात ती जे बोलते ते युनुएनने बोटांवर मोजलं. "सांभाळ, बार्रेनो" सात वेळा आणि "मला ठाऊक होतं तू येशील" दोनदा. बार्रेनो पुरात बुडतो, आगीतून येतो, अस्वलाशी झुंजतो, पण त्याच्या मुखवट्याची नाडीसुद्धा सुटत नाही. सूपही तो मुखवट्यासकट पितो.

आणि एकतिसाव्या पानावर, बार्रेनो तिला सोडवतो तेव्हा, राफागा दोन्ही हातांनी आपला मुखवटा उतरवते आणि म्हणते, "आता तुझ्यापासून काय लपवू?" कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ. संगीत.

युनुएनने ते पान तीनदा वाचलं. मग तिने आईला विचारलं, की हे केलं तर रविवारी काय होईल?

दोमितिला बटाट्याची साल न तोडता सोलत राहिली. मग रविवारी कुस्तीच होणार नाही, असं ती म्हणाली. मुखवटा एकदा उतरला, की तो पुन्हा चढवायचा नसतो, हे तुलाही ठाऊक आहे. पडद्यावर उतरला काय आणि आखाड्यात उतरला काय, लोकांनी चेहरा पाहिला तो पाहिलाच. मग उघड्या चेहऱ्याने खेळावं, नाहीतर खेळू नये. आणि उघड्या चेहऱ्याने आपल्याला जमणार नाही. उघड्या चेहऱ्याने आपण पास्ते विकतो.

"मग नाही म्हण ना, आई."

आईने मग बरंच काही सांगितलं. बाल्तासारने वर्षभर खपून हे लिहिलं आहे. वस्ती दोन वर्षं वाट बघते आहे. बेकरीवाला पाव देणार आहे, ट्रकवाला ट्रक देणार आहे, आणि एका बाईच्या हट्टापायी सगळं अडलं असं नको व्हायला. तिचे गुडघेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. कधीतरी उतरायचाच आहे मुखवटा. शेवटी कापडच ते.

कापड म्हणताना तिची नजर मुखवटा ठेवलेल्या कपाटाकडे गेली. मग तिने हात पुसले, पेन्सिल घेतली, लिफाफ्यावर 'राफागासाठी' च्या खाली 'चालेल' असं लिहिलं आणि लिफाफा अ‍ॅप्रनच्या खिशात सारला.

युनुएन त्या रात्री रडली वगैरे नाही. तिला राग आला होता, आणि राग आला की तिला भूक लागे. तिने दोन पास्ते खाल्ले. दुसरा खाताना तिला कळलं, की आपल्याला राग मुखवटा जाण्याचा नाहीच. मुखवटे जातात. मुखवटा पणाला लावून मोठमोठे मल्ल हरले आहेत आणि लोकांनी उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या आहेत. राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा, पण ती नक्की काय हे तिला शब्दांत धरता येईना.

बाल्तासारची एक पद्धत होती आणि ती चांगली होती, हे मान्य करायला हवं. चित्रीकरणाआधी तो गोष्ट चौकात मोठ्याने वाचून दाखवी. सिनेमाला ज्याने काही दिलं, त्याला त्यावर एकदा बोलायचा हक्क असे. पोरं फुकटात खाणीतली भुतं व्हायची, म्हणून तो हक्क त्यांनाही होता. आजवर पोरांनी तो एकाच कामासाठी वापरला होता. भुतं जास्त हवीत.

गुरुवारी दुपारी चौक भरला. पोन्सियानोकाका चंदेरी मुखवटा घालून पहिल्या बाकावर बसले होते. गोष्टीचं वाचन म्हणजे सिनेमाचंच काम, म्हणून ते मुखवट्यातच आले होते आणि तोंडाच्या भोकातून कॉफी प्यायची खटपट करत होते. इलारियोन न्हावी खुर्ची घरून घेऊन आला होता. दोमितिला नेहमीच्या पायरीवर टोपलीमागे बसली होती, उघड्या चेहऱ्याने, खिशात लिफाफा घेऊन. राफागा आलेली नव्हती. ती का आली नाही, हे कुणी विचारलं नाही.

बाल्तासारने वाचलं. पुराच्या वेळी पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुपाच्या वेळी बायकांत जरा कुजबूज झाली. खुर्चीच्या वेळी फळवालीने जांभई दिली. एकतिसाव्या पानाला बाल्तासारने स्वतःच मफलरने डोळे टिपले आणि उरलेली पानं भराभर वाचून संपवली. टाळ्या पडल्या. अगदीच थोड्या नाहीत, पण मागच्या खेपेइतक्याही नाहीत.

मग बोलायची वेळ आली. बेकरीवाला म्हणाला, अस्वलाऐवजी बैल घ्या, बैल माझ्या मेव्हण्याकडे आहे. ट्रकवाल्याने ट्रक दोनदा दिसावा अशी मागणी केली. एका पोराने भुतं वाढवायला सांगितली. दोमितिलाचा हात हळूच खिशाकडे गेला. ते पाहून युनुएनने हात वर केला.

आता तिची अडचण लक्षात घे. जे सगळ्यात मोठं कारण होतं तेच तिला सांगता येत नव्हतं. 'ती माझी आई आहे' हे चार शब्द सोडून बाकी जे काही जगात आहे, त्यातूनच तिला बोलायचं होतं.

"राफागाला हरवलं कुणी?" तिने विचारलं.

बाल्तासारने पानं चाळली. कुणी नाही, असं तो म्हणाला. हा हरण्याजिंकण्याचा प्रसंगच नाही.

"मग मुखवटा कसा गेला? कुस्ती कुठल्या दिवशी होती? तीन डावांतले दोन कुणी घेतले?"

चौकात कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. 

बाल्तासार चांगला मुलगा होता. त्याने हसून, समजुतीने सांगितलं, की हा आखाडा नाही, सिनेमा आहे. इथे भावना महत्त्वाची. प्रेक्षकाला चेहरा दिसला नाही तर तिचं प्रेम दिसणार कसं? प्रेमात माणूस सगळे मुखवटे उतरवतो. राजधानीत त्याला हे शिकवलं होतं, हे सांगायलाही तो विसरला नाही.

युनुएनने ते नीट ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, की बार्रेनोचं राफागावर प्रेम आहे की नाही?

"आहे तर. प्राणापलीकडे."

"मग त्याने का नाही काढला?"

इतकं झालं आणि पोन्सियानोकाकांनी कॉफीचा पेला सोडून दोन्ही हातांनी आपला मुखवटा घट्ट धरला. पेला खाली पडला, कॉफी पायावर सांडली, तरी हात काही सुटेनात. आधी फळवाली हसली. मग सगळा चौक हसला. पोन्सियानोकाका मुखवट्याच्या आतून म्हणाले, "हसताय काय? तुमचा काढायला सांगितला असता तर कळलं असतं." आणि मग हसू एकदम ओसरलं, कारण ते खरंच घाबरले होते आणि ते सगळ्यांना दिसलं होतं. चंदेरी कापड मधे असूनही दिसलं होतं.

तेवढ्यात इलारियोन न्हावी उठला. एकाने मुखवटा आणि दुसऱ्याने केस पणाला लावले आणि केसवाला हरला, की भर आखाड्यात त्याचं डोकं भादरायचं काम गेली तीस वर्षं इलारियोनकडे होतं. तो फार बोलत नसे. "मी एकोणीस जणांची डोकी केली," तो म्हणाला. "रडणाऱ्यांची केली, शिव्या देणाऱ्यांची केली. न हरलेल्या माणसाच्या डोक्याला मी वस्तरा लावलेला नाही. पोरगी बरोबर विचारते आहे." एवढं बोलून तो खाली बसला.

बाल्तासारचा मफलर आता त्याला गरम होऊ लागला असावा. तो काढून त्याने बाकावर ठेवला. आपण इथे जन्मलो, इथे वाढलो, दर रविवारी आखाड्यात ओरडून घसा बसवला आणि तरी असं कसं लिहिलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण माणूस चारचौघांत लगेच मान्य करत नाही, निदान त्या वयात. तो म्हणाला, शेवटी निर्णय राफागाचा आहे. तिला चालत असेल तर आपण बोलणारे कोण? तिचा निरोप यायचा होता.

"राफागाचं काय म्हणणं आहे, कुणाला ठाऊक आहे का?"

सबंध चौक इकडेतिकडे बघू लागला. कुणी ढग पाहिले, कुणी बुटांची नाडी पाहिली. फळवालीने एक पेरू उचलून असा काही निरखला, की जणू जन्मात पेरू पाहिला नव्हता. दोमितिला बसली होती तेवढी पायरी सोडून बाकी सगळीकडे लोकांनी पाहिलं.

युनुएननेही तिकडे पाहिलं नाही. ते तिला सगळ्यात जड गेलं.

दोमितिलाने खिशातून हात काढला. हात रिकामा होता. टोपलीवरचं फडकं उगाचच सरळ करत ती हळू आवाजात बोलू लागली, त्यामुळे मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"मी पास्ते विकणारी बाई. मला सिनेमातलं काय कळतं? पण ती बाई माझ्या ओळखीची असती ना, तर मी तिला म्हटलं असतं, की तुझे गुडघे दुखतात ते मला माहीत आहे. मुखवटा द्यायचाच तर दे. पण तुझ्या तोडीच्या कुणीतरी तो जिंकून घेऊ दे. दोन डाव घेऊन. खुर्चीवर बसल्या बसल्या देऊ नकोस."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओळखीच्या नसलेल्या बाईबद्दल टाळ्या कशा वाजवणार? इलारियोनने मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि एकेक करून चौकातल्या बऱ्याच टोप्या उतरल्या. त्या दिवशी वारा होता, म्हणून उतरवल्या असतील, असं नंतर लोक सांगत.

 मग बाल्तासारने एकतिसावं पान वेगळं काढलं, दुमडलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. दोमितिलाकडे न बघता तो म्हणाला, मावशी, ती तुम्हाला कधी भेटलीच, तर तिला सांगा, की हे पान लिहिणाऱ्याला अजून बरंच शिकायचं आहे. भेटली तर सांगेन, असं दोमितिला म्हणाली.

उरली एक्केचाळीस पानं. बाल्तासार ती घेऊन युनुएनपाशी आला आणि थोडा चिडून, थोडा खरंच विचारत म्हणाला, "दोष काढणं सोपं असतं, बाई. मग काय करते राफागा? सांग ना. शनिवारी चित्रीकरण आहे." आणि त्याने पानं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

युनुएनने पानं घेतली आणि पोन्सियानोकाकांच्या शेजारी बाकावर बसली. तिसरं पान उघडून तिने सूप खोडलं. शिवणकाम खोडलं. मग जीभ दातांत धरून तिने भराभरा लिहिलं. खाणमालकाचा भाऊ बार्रेनोला पळवतो. बार्रेनो खुर्चीला बांधलेला असतो. तिसाव्या पानापर्यंत बांधलेला असतो. तो म्हणतो, "सांभाळ, राफागा."

लिहिताना तिला फार मजा येत होती. चारपाच पोरी तिच्या खांद्यावरून वाचत खिदळत होत्या. शेजारी पोन्सियानोकाकाही मान वाकवून वाचत होते. ते खिदळत नव्हते.  फक्त ओल्या झालेल्या पायावरची कॉफी पुसत बसले आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

युनुएनची पेन्सिल थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या चार ओळींकडे पाहिलं. सोमवारी संध्याकाळी जमिनीवर पडून वाचताना जो राग तिला शब्दांत धरता आला नव्हता, तो आता तिच्याच अक्षरात समोर होता. त्या बेचाळीस पानांत कुणीही राफागाला एकदासुद्धा काही विचारलं नव्हतं.

तिने चारही ओळींवर आडवी रेघ मारली. पोरी ओरडल्या, पण ऐकून न ऐकल्यासारखं करून ती पोन्सियानोकाकांकडे वळली.

"काका, तुम्हाला काय करायला आवडेल? सिनेमात."

पोन्सियानोकाकांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.  ते मुखवट्याच्या आतून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मला एकदा त्या अस्वलाला घाबरायचंय, पोरी. दर वेळी नुसतं मारायचं, मारायचं. घाबरायचं, आणि कुणीतरी बरोबर असायला हवं."

युनुएनने कोरं पान घेतलं. वर पानाचा आकडा घातला. मग उठून पायऱ्यांकडे गेली, टोपलीपाशी उकिडवी बसली आणि अनोळखी माणसाशी बोलावं तितक्या अदबीने आपल्या आईला म्हणाली, की बाई, तुमची ती राफागा अस्वलाला घाबरेल का हो?

आणि उत्तर लिहून घ्यायला पेन्सिल तयार ठेवली.